सावली राहून गेली

नमस्कार. ओळख करून देताना माझं जरा जास्तच कौतुक झालं, तेव्हा सुरुवात माझ्याच एका घोडचुकीनं करते, म्हणजे हिशेब बरोबर होईल.

शूटिंग झाल्यावर चित्रात हवं ते घालायचं आणि नको ते पुसायचं, या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामात आले त्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे एका मालिकेतलं क्लीनअप आलं. क्लीनअप म्हणजे नावाप्रमाणे साफसफाई. शूटिंगच्या वेळी चुकून फ्रेममध्ये आलेलं जे काही असेल, ते नंतर चित्रातून पुसायचं. इथे फ्रेमच्या कडेला उजेड परतवायचा थर्माकोल धरून एक माणूस उभा राहिला होता. शॉट पाच सेकंदांचा, टीव्हीच्या हिशेबानं सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १२५ चित्रं. प्रत्येक चित्रातून त्याला काढायचं आणि त्याच्यामागची भिंत पुन्हा उभी करायची. दोन दिवस खपून मी तो माणूस असा गायब केला की तो तिथे होता हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. तो भाग लागला तेव्हा आई टीव्हीसमोर पेपर चाळत बसली होती. मधेच मान वर करून म्हणाली, ‘‘अगं, त्या भिंतीवरून आत्ता कोण गेलं?’’

कुणीच गेलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर त्या माणसाची सावली पडली होती. तो जरासा मागे सरकला तशी तीही सरकली. माणूस मी काढला आणि सावली राहून गेली. मी ती पाहिली नाही, माझं काम तपासणाऱ्यांनी पाहिली नाही. फ्रेम कशाशी खातात हेही जिला ठाऊक नाही, तिनं मात्र अर्ध्या नजरेत पकडली.

माणसाचा डोळा असा आहे. त्याला प्रकाशाचं गणित सांगता येत नाही, पण जन्मापासून तो तेच सोडवत आलेला असतो. म्हणून ‘राक्षस कसा बनवता हो?’ असं कुणी विचारलं की मी म्हणते, राक्षस बनवणारे खूप आहेत, तो जमिनीवर उभा कसा करता ते विचारा. आमच्याकडे शॉट झाल्यावर ‘छान झाला’ असं फारसं कुणी म्हणत नाही. ‘बसला’ म्हणतात, नाहीतर ‘बसत नाहीये’.

आता आधी जरा मागे जाते. फार नाही.

कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा ही सगळ्यात जुनी युक्ती. १८९५ साली एडिसनच्या कंपनीनं एका राणीचा शिरच्छेद दाखवला तो असाच. कुऱ्हाड उगारली, कॅमेरा थांबवला, नटाच्या जागी बाहुला ठेवला, पुढे चालू. पॅरिसच्या जॉर्ज मेलिएसनं या युक्तीचं मोठं दालन उघडलं. तो स्वतः सांगायचा की रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर बसगाडीची एकदम शववाहिका झाली. खरं-खोटं तोच जाणे, पण तो मुळात जादूगार होता हे खरं. आणि आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करायचे, स्वतःचं नाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून. १९१३चा पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली होती. पडद्यावर तो वेल बघता बघता वर चढला. हे दोघेही जादूगार होते याचं मला नवल वाटत नाही. आपण काय करतो याहून प्रेक्षक त्या क्षणी कुठे बघतो, याचा अभ्यास जादूगाराला आधी करावा लागतो.

दुसरी युक्ती मॅटची, म्हणजे झाकणाची. हा काळा कागद बघा, मागच्यांनाही दिसतोय ना? समजा कॅमेऱ्यासमोर फ्रेमचा वरचा अर्धा भाग मी या कागदानं झाकला आणि खाली नटांना घेऊन शूटिंग केलं. फिल्मच्या वरच्या भागाला उजेड लागलाच नाही, तो कोराच राहिला. फिल्म मागे गुंडाळली, आता खालचा भाग झाकला आणि वर रंगवलेला किल्ला घेतला. दोन वेगळ्या दिवसांचं शूटिंग एकाच फिल्मवर आलं. अट एकच : त्या जोडरेषेवरून कुणी चालत जायचं नाही. नटाचा हात जरा वर गेला की पंजा किल्ल्याच्या पोटात नाहीसा.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. माणूस हलतो, तर त्याच्याबरोबर हलणारा काळा कागद कुठून आणायचा? त्यासाठी निळा पडदा आला. माणसाच्या कातडीत निळा रंग कमी, म्हणून पडदा निळा ठेवायचा आणि चित्रातलं जे निळं ते सगळं ‘माणूस नाही’ असं धरायचं. १९४०च्या सुमारास हे तंत्र रंगीत चित्रपटात आलं. मात्र केस, धूर, काच, झिरझिरीत कापड अशा अर्धपारदर्शक गोष्टींच्या कडेला निळसर काठ राहायचा. त्यावर पेट्रो व्लाहोस या माणसानं जो तोडगा चालवून दाखवला त्याची मला आजही भुरळ आहे. पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड टाकायचा. तो अगदी अरुंद पट्ट्यातला, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. नटांवर साधा उजेड. कॅमेऱ्यात एक खास लोलक बसवलेला, तो नेमका तेवढाच पिवळा उजेड वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा. त्या दुसऱ्या फिल्मवर मुखवटा, म्हणजे माणसाबरोबर हलणारा तो काळा कागद, आयताच तयार! १९६४च्या ‘मेरी पॉपिन्स’मध्ये टोपीवरची जाळीसुद्धा स्वच्छ सुटलेली दिसते. आज इतक्या वर्षांनी आम्ही संगणकासमोर बसून तशाच एका जाळीशी झटत असतो तेव्हा मला त्या लोलकाची आठवण येते.

निळ्याचा हिरवा का झाला, हे नेहमी विचारतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार टिपक्यांत दोन हिरवे असतात, त्यामुळे हिरव्याची माहिती सगळ्यात नेटकी मिळते. शिवाय हिरव्या पडद्याला उजेड कमी लागतो. एवढंच कारण. नटीची साडी हिरवी असेल तर आम्ही मुकाट्यानं निळ्याकडे जातो. हवामानाच्या बातम्या देणाऱ्यांना हिरवे कपडे घालू देत नाहीत तेही यामुळेच, नाहीतर पोटावर पाऊस दिसायचा.

हिरव्या पडद्याचं दुखणं वेगळंच आहे. पडद्यावरून उजेड उसळतो आणि माणसाच्या गालावर, खांद्यावर, केसांच्या कडांवर हिरवी झाक येते. याला स्पिल म्हणतात. म्हणून नट पडद्यापासून जमेल तितका दूर उभा करा, पडद्याला वेगळे दिवे द्या आणि ते सगळीकडे सारखे पडूदेत, असं आम्ही कळवळून सांगतो. शूटिंगच्या घाईत हे कुणी ऐकत नाही. ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे शूटिंग झाल्यावर निस्तरू, हे आमच्या व्यवसायातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

आता जिथे मी थोडी रेंगाळणार आहे तो विषय, मिनिएचर. छोटी मॉडेलं. अनेकांना वाटतं ती आता इतिहासजमा झाली. तशी ती कमी झाली आहेत, पण त्यांच्यामुळे जे कळलं ते संगणकावरही जसंच्या तसं लागू पडतं.

२० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून वीट सुटली तर जमिनीवर यायला साधारण दोन सेकंद लागतात. त्याच इमारतीचं २५ पट लहान मॉडेल केलं तर ते ८० सेंटिमीटरचं होतं, या टेबलाएवढं. टेबलावरून काही पडलं तर? हे बघा, खडू सोडते. झालं. ०.४ सेकंद. डोळा लगेच म्हणतो, हे टेबल आहे, इमारत नव्हे. का, ते त्याला सांगता येत नाही. पण मोठ्या वस्तू सावकाश पडतात असं आपण म्हणतो ते खरं तर त्यांना जास्त अंतर कापायचं असतं म्हणून, आणि ही सवय डोळ्यात पक्की मुरलेली असते. मग करायचं काय? दोन सेकंदांना ०.४ नं भागलं की पाच येतात, म्हणजे २५चं वर्गमूळ. तेव्हा कॅमेरा नेहमीच्या पाचपट वेगानं चालवायचा, सिनेमाच्या सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम, आणि दाखवताना २४नं दाखवायचं. टेबल पुन्हा २० मीटरचं होतं. आकार जितक्या पट कमी, त्याच्या वर्गमुळाइतक्या पट कॅमेऱ्याचा वेग जास्त. आमच्या धंद्यातलं हे एकच सूत्र मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

पण या सूत्रानं सगळं भागत नाही. पाणी आणि आग ऐकत नाहीत. जहाज २५ पट लहान करता येतं, पाण्याचा थेंब करता येत नाही. पृष्ठताण तेवढाच राहतो, त्यामुळे हौदातल्या लाटेवरून उडणारे थेंब त्या छोट्या जहाजाशेजारी कलिंगडाएवढे दिसतात. ज्वाळेचंही तसंच, तिच्या जिभा मॉडेलच्या मापात बसत नाहीत. म्हणून पाण्यातली मॉडेलं शक्य तेवढी मोठी बांधायची, मूळच्या निम्मी, तिसरा हिस्सा. ‘मिनिएचर’ या नावाची थट्टाच ती.

ढगांसाठी मात्र हेच पाणी कामाला येतं. मोठ्या काचेच्या टाकीत खाली मिठाचं पाणी भरायचं, त्यावर अलगद गोडं पाणी. दोन्ही मिसळत नाहीत, मध्ये एक अदृश्य मजला तयार होतो. त्या मजल्यावर नळीनं पांढरा रंग सोडला की तो फुलत, वळत, आडवा पसरतो आणि वादळी ढगांची फळी उभी राहते. मी हे एकदा समोर पाहिलं आहे. टाकी साफ करून पुन्हा भरायला अर्धा दिवस जातो आणि ढग टिकतो काही मिनिटं.

मॉडेल ओळखू येण्याचं आणखी एक कारण आहे. जवळची वस्तू टिपताना मागचं सगळं धूसर होतं. खरी इमारत दुरून घेतली तर ती पुढून मागेपर्यंत स्पष्ट असते. म्हणून मॉडेलवर भिंगाचं तोंड अगदी बारीक करावं लागतं, आणि मग उजेड पुरत नाही. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या विमानांचा मार्ग असा : विमान जागेवर ठेवलं आणि संगणकानं चालणारा कॅमेरा त्याच्याभोवती फिरवला, अत्यंत संथपणे, शटर उघडं ठेवून. हीच हालचाल केसभरही न बदलता पुन्हा पुन्हा करता येत असल्यानं एका फेरीत विमान, दुसऱ्या फेरीत त्याचे दिवे, तिसरीत मुखवटा असं वेगवेगळं घेता आलं. आणखी एक फायदा झाला, फ्रेममध्ये हालचालीचा पुसटपणा आला. १९३३च्या ‘किंग काँग’मधलं वानर फ्रेमागणिक हातानं हलवलेलं होतं. प्रत्येक चित्रात ते स्थिरच, त्यामुळे चालताना झटके जाणवतात. त्याच्या अंगावरची लव मात्र सतत थरथरत असते. ती हलवणाऱ्यांच्या बोटांनी विसकटलेली आहे! लोकांना वाटलं, वानर चिडलंय. असं नशीब दर वेळी साथ देत नाही.

सेटवर प्रत्यक्ष घडवल्या जाणाऱ्या गोष्टी हे वेगळंच खातं आहे आणि नेमकं बोलायचं तर स्पेशल इफेक्ट्स हे नाव त्यांचं. आम्ही नंतर संगणकावर करतो ते व्हिज्युअल इफेक्ट्स, व्हीएफएक्स. पाऊस, वारा, धूर, फुटणारी काच, गोळीनं उडणारं रक्त हे सगळं त्या खात्यात. पूर्वी फुटणाऱ्या काचा साखरेच्या पाकाच्या ओतत. दिव्यांच्या उष्णतेनं त्या चिकट होत, वाकत. आता त्या ठिसूळ रेझिनच्या असतात. बर्फ म्हणून एकेकाळी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उधळत. दिसायचे बरे, पण पावलागणिक कुरुमकुरुम वाजत, संवाद नंतर पुन्हा घ्यावे लागत. १९४६च्या एका चित्रपटासाठी आग विझवायचा फेस आणि साबणपाणी यांचा बर्फ केला, तेव्हा कुठे बर्फात उभं राहून बोलता आलं. पावसाचं म्हणाल तर नुसतं पाणी सोडून तो कॅमेऱ्यात दिसतच नाही. मागून दिवा मारल्याशिवाय धार उमटत नाही. रात्रीच्या पावसाच्या दृश्यात नटाच्या मागे एवढा उजेड कुठून आला, असं तुम्हाला कधी वाटलं असेल तर तो तिथला चंद्र नव्हता.

स्फोटांबद्दल एकच सांगते. १९८२ साली अमेरिकेत एका चित्रीकरणात स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळलं आणि एक नट आणि दोन लहान मुलं जागीच गेली. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. ‘खरा स्फोट हवा, तुमचा नको’ असं म्हणणाऱ्या दिग्दर्शकाशी मी सहसा वाद घालत नाही, पण माणसं जवळ असतील तर घालते.

बरं, आता माझं रोजचं काम.

शूटिंग होऊन आलेल्या मूळ चित्राला प्लेट म्हणतात. त्यात एक जनावर घालायचं आहे असं समजा. आधी ट्रॅकिंग : प्लेटमधले दगड, कोपरे, खांब यांच्या सरकण्यावरून कॅमेरा नेमका कसा हलला होता ते संगणकात शोधून काढायचं, कारण जनावराकडे बघणारा आमचा खोटा कॅमेरा तसाच्या तसा हलला पाहिजे. इथे केसाचा फरक पडला तरी जनावर जमिनीवरून घसरतं, शेवाळावर उभं असल्यासारखं. मग त्याच्यापुढून कुणी माणूस जात असेल तर रोटो. त्या माणसाभोवती फ्रेमागणिक रेषा काढायची, दंडाची वेगळी, पंजाची वेगळी, बोटांची वेगळी, केसांची तर विचारू नका. हे काम करणारी मुलं पाठीत वाकून जातात आणि नावं शेवटी इतक्या वेगानं सरकतात की त्यांच्या घरच्यांनाही वाचता येत नाहीत. ‘हे सगळं कॉम्प्युटर करतो ना?’ असं विचारणाऱ्याला मी एकदा फक्त एक फ्रेम करायला बसवलं होतं. तासाभरानं तो चहाला म्हणून उठला तो आलाच नाही.

आणि मग उजेड. हे दोन गोळे मी मुद्दाम आणले आहेत. एक करडा, बिनचमकीचा. एक आरशासारखा चकचकीत. शॉट झाला की त्याच जागी आमचं माणूस हे गोळे धरून उभं राहतं, आणि ‘आता हे काय’ म्हणून सगळं युनिट त्याच्याकडे वैतागून बघतं. करड्या गोळ्यावर दिसतं की उजेड कुठल्या बाजूनं आहे, सावलीची कड कडक आहे की मऊ, काळोखी बाजूला आकाशाची निळसर झाक किती आहे. चकचकीत गोळ्यात सगळा परिसर दिसतो, प्रत्येक दिवा, प्रत्येक खिडकी, पाठीमागचीसुद्धा. आता त्यासाठी चहूबाजूंचे फोटोही वेगवेगळ्या उजेडमानानं काढतात. त्या माहितीवरून आमचं जनावर उजळायचं. तरीही पहिल्यांदा जोडून बघितलं की ते कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं. नेहमीच. पंचवीस वेळा केलं तरी.

मग एकेक गोष्ट तपासत जायचं. प्लेटमधला सगळ्यात काळा भाग खरंच काळा आहे का? सहसा नसतो, दुपारच्या धुळीत तो करडा असतो, आणि आमच्या जनावराच्या पोटाखाली शुद्ध काळं पडलेलं असतं. कॅमेऱ्याचा रवाळपणा जनावरावर आहे का? भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा किंचित वाकल्या आहेत, तशी जनावराची शेपटी वाकली का? मागच्या तेजस्वी आकाशाचा उजेड त्याच्या पाठीच्या कडेवर थोडा सांडला का? आणि सगळ्यात शेवटी पाय. पायाखाली जिथे तळवा टेकतो तिथे एक बारीक, गडद रेघ असते. ही दुपारची लांब सावली नव्हे. ही त्या फटीतली सावली, जिथे कुठलाच उजेड पोचत नाही. ती रेघ घातली की जनावराला एकदम वजन येतं. त्याच्यासोबत दोन खडे हलले, गवत दबलं, धूळ जराशी उडाली, की शॉट बसला.

१९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’बद्दल अजूनही लोक भारावून बोलतात आणि संगणकयुगाची सुरुवात म्हणून त्याचं नाव घेतात. १२७ मिनिटांच्या चित्रपटात डायनासोर दिसतात साधारण १५ मिनिटं, त्यातही संगणकावर केलेले सुमारे ६. बाकी सगळी प्रत्यक्ष बांधलेली, यंत्रानं हलणारी धुडं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या धुडाची फोमची कातडी पावसाच्या दृश्यात पाणी पिऊन जड झाली आणि ते थंडी वाजल्यासारखं कापायला लागलं. टॉवेलनं पुसून वाळवावं लागायचं. पण खरं धुड समोर असल्यानं ओल्या कातडीवर उजेड कसा चमकतो हे संगणकवाल्यांना बघून करता आलं. मला विचाराल तर तो चित्रपट आजही न खुपता बघता येतो तो या सरमिसळीमुळे. पूर्ण संगणकावर केलेले त्यानंतरचे कितीतरी चित्रपट दहा वर्षांत शिळे झाले.

मालिकांचं गणित निराळं. वेळ नाही, पैसा नाही, शॉट मात्र शेकड्यानं. तिथे कला असते ती काय दाखवायचं नाही हे ठरवण्यात. हत्ती परवडत नसेल तर हत्तीची सावली भिंतीवर चालवा, माणसांना वर बघायला लावा, आवाज द्या. हे मी गमतीनं सांगत नाही, यावर आमचे अनेक भाग निभावले आहेत.

२०१९पासून एलईडीच्या भिंतींचा बोलबाला सुरू झाला. एका विज्ञानकाल्पनिक मालिकेचा नायक आरशासारखं चिलखत घालतो. हिरव्या पडद्यापुढे उभा केला असता तर नखशिखांत हिरवा झाला असता. म्हणून त्याच्याभोवती सहा-एक मीटर उंचीची वळणदार एलईडी भिंत उभारली, तिच्यावर वाळवंट दाखवलं, आणि कॅमेरा हलेल तसं वाळवंटही भिंतीवर त्याच क्षणी हलवलं. चिलखतात खरंखुरं वाळवंट चमकलं. याला क्रांती म्हणतात. असेल. पण १९३०च्या दशकात मोटारीत बसलेल्या नटांच्या मागे पडद्यावर सरकता रस्ता दाखवत, त्याचीच ही शिकून-सवरून आलेली नात आहे. आणि खोड आजीचीच : भिंतीवरचं वाळवंट आणि पायाखालची सेटवरची खरी वाळू जिथे मिळतात तिथला जोड. तिथे आम्हीच लागतो.

बोलणं पुरे. ते दिवे जरा घालवता का कुणी? मी तीन छोटे तुकडे दाखवणार आहे. तिन्हींत एक घोडा चौकातून चालत जातो. एक घोडा खरा आहे, दोन आमचे आहेत. पहिला तुकडा बारा सेकंदांचा आहे. तोंडाकडे बघू नका, खुरांकडे बघा.